बोर्गहिल्डची लांब पल्ल्याची बंदूक

बोर्गहिल्ड रुस्टाड उजवीकडच्या सीटवर बसून गाडी चालवायची. स्टिअरिंग डावीकडे आणि बाई उजवीकडे. डावा हात लांब करून चाक धरायचं, डावा पाय ताणून ब्रेक दाबायचा आणि उजव्या हाताने खिडकीतून रस्त्याकडेच्या पेटीत टपाल टाकायचं. मिनेसोटाच्या पश्चिम टोकाला, नॉर्डबीच्या पोस्टातून निघून पुन्हा पोस्टात येईतो ब्याण्णव मैल व्हायचे, आणि त्यातला पाच मैलांचा डांबरी तुकडा सोडला तर बाकी सगळी खडी. सव्वीस वर्षं ती हे करत होती. त्यामुळे तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. लग्न केलं नव्हतं. उंची पाच फूट एक इंच, वय चौपन्न, बोलणं अगदी मोजकं. तिथे सगळेच कमी बोलतात, पण त्या लोकांतही ती कमी बोलणारी म्हणून ओळखली जायची.

दर ऑक्टोबरात ती रानहंसांच्या शिकारीला जायची. भाऊ सेल्मर कोरियाच्या लढाईत होता तेव्हा बापाला सोबत हवी म्हणून जायला लागली, आणि भाऊ परत आल्यावरही थांबली नाही. गावाच्या उत्तरेला मोठं तळं, सरकारने पक्ष्यांसाठी राखलेलं. त्याला तारेचं कुंपण, आणि कुंपणाबाहेर ओळीने नंबर घातलेले खुंट. चिठ्ठीत ज्याला जो खुंट येईल त्याने त्या दिवशी तिथे उभं राहायचं. पहाटे हंस तळ्यावरून उठायचे आणि मक्याच्या रानात चरायला जाताना या ओळीवरून जायचे. जाताना चांगले उंचावरून जायचे, कारण खाली काय उभं आहे हे त्यांनाही एव्हाना ठाऊक झालेलं होतं.

मग ओळीतला एखादा उतावळा उगाच बार काढायचा, त्याचं बघून शेजारचा, आणि बघता बघता मैलभर ठो ठो सुरू व्हायचं. पाऊणशे वारांवरचे पक्षी, ऐंशी वारांवरचे पक्षी. कधीमधी एखादा पडायचाही, आणि त्या एकाची गोष्ट पुढे दहा वर्षं गावातल्या कॅफेत चालायची. सेल्मरच्या अशा तीन गोष्टी होत्या.

बोर्गहिल्डला जे दिसायचं ते ओळीतल्या पुरुषांना दिसत नसे. वारा बहुतेक वायव्येचा, आणि तिची टपालाची वाट तळ्यापासून आग्नेयेला पाच-सहा मैलांवरून जायची. छरा लागूनही न पडलेला पक्षी वाऱ्याबरोबर तेवढाच जातो, मग उतरतो आणि पुन्हा उठत नाही. चरात, रस्त्याखालच्या नळकांड्याच्या तोंडाशी, कुणाच्या तरी गोठ्यामागे तिला ते सापडायचे. पंख लोळतोय, मान ताठ, आणि नजर गाडीवर. ती गाडी थांबवायची, हातमोजे घालायची, काम उरकायची आणि शनिवारी ते पक्षी शिकार खात्याच्या माणसाकडे नेऊन द्यायची. एका वर्षी असे अकरा झाले. याबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती. तिनेही त्याच ओळीत उभं राहून वर बार काढलेले होते. अकरांतले आपले किती, हे तिला कोण सांगणार?

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात हुकूम आला, की या तळ्याभोवती शिशाचे छरे बंद. चिखलात पडलेलं शिसं चोचीने खाऊन पक्षी विषबाधेने मरतात, म्हणून यापुढे फक्त पोलादी छरे. कॅफेत आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

"पोलाद!" सेल्मर म्हणाला. "त्यापेक्षा वाटाणे फेकून मारा म्हणावं. तीस वारांपलीकडे नुसता आवाज."

बोर्गहिल्डची अडचण वेगळी होती. तिच्याकडे बापाची दुनळी होती, जुनी आणि पातळ नळ्यांची. शिसं मऊ, ते अशा नळीतून सुखाने जातं. पोलाद दबत नाही, ते नळीच फुगवतं. बापाची बंदूक भिंतीवर गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःसाठी बंदूक निवडायची वेळ आली.

सेल्मरने आपली निवड आधीच केली होती. दहा बोअरची अजस्र बंदूक, बत्तीस इंची नळी, आणि नळीच्या तोंडाशी छरे एकत्र ठेवण्यासाठी जी आवळ असते, जिला सगळे चोक म्हणतात, ती जितकी घट्ट मिळेल तितकी. तो तिला घ्यायला घरी आला तेव्हा ती बंदूक त्याच्या पिकअपमध्ये मागच्या काचेपाशी आडवी टांगलेली होती.

"तूही हीच घे. लांबचं मारायचं तर मोठं भोक आणि घट्ट तोंड. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"वजन किती आहे?"

"अकरा पौंड."

"मी किती उंच आहे सेल्मर?"

"उभी राहशील तिथे ओंडका ठेव पायाखाली."

दुकान चाळीस मैलांवर होतं. दुकानदार फेन्स्के हा जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. गिऱ्हाइकाला आधी बंदूक धरायला देणारा आणि मग बोलणारा. बोर्गहिल्डने दहा बोअर खांद्याला लावली, दहा अंक मोजले आणि परत दिली. नळीचं टोक सहाव्या अंकालाच थरथरू लागलं होतं.

"बारा बोअर बघा, भोक लहान आणि वजन कमी," फेन्स्के म्हणाला. "तीन इंची काडतूस घेणारी, आणि बार झाल्यावर पुढचं काडतूस आपणच वर घेणारी. त्यात धक्का निम्मा तिथेच मुरतो. चोक आट्यांचा आहे, हवा तो पिळून बसवायचा. दस्ता मी इंचभर कापून देईन."

"घट्ट चोक दे तिला," सेल्मर मागून म्हणाला.

"तो तर देतोच. पण मधलाही देतो."

"मधला कशाला? जवळची बदकं मारायला?"

फेन्स्केने मान खाजवली. "शिशाचे छरे नळीतून निघताना चेपतात आणि मग वाकडेतिकडे पळतात. म्हणून त्यांना आवळावं लागायचं. पोलाद गोल ते गोलच राहतं. त्याला फार आवळलं तर उलट बिथरतं, असं म्हणतात. मला विचारू नका, कागदाला विचारा."

बोर्गहिल्डने दोन्ही चोक घेतले. छऱ्यांच्या तीन जाडींची काडतुसं घेतली. परतताना खाटकाच्या दुकानापाशी तिने गाडी थांबवायला लावली आणि मांस बांधायच्या पांढऱ्या कागदाचं अख्खं भेंडोळं घेऊन आली.

"उफ्फ दा, देवा रे!" सेल्मर म्हणाला. "सगळ्या तळ्याला बांधून आणणार वाटतं."

पुढचे पाच रविवार, चर्च आटोपल्यावर, ती गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत होती. दोन खांब, त्यांवर ताणलेला कागद. चाळीस वारांवरून एक बार, पंचेचाळीसवरून एक, पन्नासवरून एक. मग जिथे भोकं सगळ्यांत दाट तिथे मध्य धरून तीस इंची वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. प्रत्येक जोडीचे तीन तीन कागद, कारण एका कागदावर विश्वास ठेवण्यातला धोका तिला दुसऱ्याच रविवारी कळला. त्या दिवशी घट्ट चोकने एक कागद असा काही सुरेख भरून दिला, की ती तिथेच थांबली असती. पुढचे दोन मात्र भयंकर निघाले, मध्ये ताटाएवढी कोरी जागा.

मधल्या चोकचे कागद दिसायला साधे होते, पण तिन्ही सारखे. पंचेचाळीस वारांवर घट्ट चोकचे एकेचाळीस, अडतीस, चव्वेचाळीस. मधल्याचे छप्पन्न, अठ्ठावन्न, पंचावन्न. तिने पुन्हा मोजले. फेन्स्केचा कागद खरंच बोलला होता.

पण वर्तुळ म्हणजे हंस नाही. तिने पुठ्ठ्याचा हंस कापला, पंख पसरलेला, आणि कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली. पंख आणि शेपटी सोडून फक्त डोकं, मान आणि छाती-पोट धरलं. बारीक छरे पुष्कळ लागत होते, पण मागे लावलेल्या लाकडात ते जेमतेम रुतत होते. सगळ्यांत जाड छऱ्यांनी लाकूड फोडलं, पण ते मुळात इतके थोडे, की हंसाला कधी पाच लागायचे तर कधी एकच. मधली जाडी पंचेचाळीस वारांवर दर वेळी सात-आठ छरे घालत होती आणि लाकडात नीट शिरत होती. पन्नासला ते चारवर आलं. पंचावन्नला तिने कागद बघितला, घडी घातली आणि खांब उपटले.

म्हणजे बारा बोअर, मधला चोक, मधले छरे, पंचेचाळीस वार. निवड झाली.

आता पंचेचाळीस वार आकाशात कुठे असतात? जमिनीवर पावलं टाकता येतात. वर काय टाकणार? धान्यकोठाराच्या मनोऱ्यावर वेंडेल क्रोन काम करायचा. शाळेत तो बोर्गहिल्डच्या मागच्या बाकावर बसायचा. मनोरा एकशे दहा फूट उंच. टपाल द्यायला गेली तेव्हा तिने त्याला विचारलं.

"वेंडेल, वरून एक हंस टांगशील का?"

"जिवंत?"

"प्लायवूडचा."

वेंडेलने आणखी काही विचारलं नाही. पाच फूट पंखांचा करडा रंगवलेला हंस त्याने माथ्यावरच्या लोखंडी दांड्याला लटकवला, वरून दोरी सोडली, पंचेचाळीस वार मोजून ताणली आणि तिचं टोक जिथे जमिनीला टेकलं तिथे खुंटी ठोकली. रोज टपाल देऊन झालं की बोर्गहिल्ड त्या खुंटीवर उभी राहून दोन मिनिटं वर बघायची.

गावात बघण्यासारखं फारसं काही नसतं. तिसऱ्या दिवशी चार जण तिच्याभोवती उभे होते, चौथ्या दिवशी सेल्मर आला.

"किती असेल?" वेंडेलने त्याला विचारलं.

सेल्मरने एक डोळा मिटला. "सत्तर. अडुसष्ट म्हण हवं तर."

बाकीचे पासष्ट ते ऐंशीच्या मधे होते. वेंडेलने दोरी काढून त्याच्या हातात दिली. सेल्मरने ती वार वार करत स्वतः मोजली, मग दुसऱ्या टोकाकडून मोजली.

"ओली झाल्यावर दोरी आखडते," तो म्हणाला.

"पाऊस कुठे पडलाय सेल्मर?"

लोक हसले. सेल्मर पिकअपकडे गेला. ज्याला तो चाळीस वर्षं सत्तर म्हणत आला ते पंचेचाळीस असेल, तर त्याच्या तीन गोष्टींचं काय, हे तिथे कुणी मोठ्याने म्हटलं नाही.

हंगाम उघडला. बोर्गहिल्डला चौदावा खुंट आला, सेल्मरला पंधरावा. हंस उठले, पहिले थवे प्लायवूडपेक्षा कितीतरी लहान दिसत होते. ओळीत ठो ठो सुरू झालं. ती बंदूक काखेत धरून उभी.

"बोर्गी, विणकाम आणलंयस का?" पंधराव्या खुंटावरून हाक आली.

सव्वाआठला तिघांचा एक थवा खाली आला. हा प्लायवूडएवढा. तिने उठवली, धरली, मारली. हंस तसाच गेला. दुसरा बार, तोही वाया. साडेनऊला पुन्हा एक, पुन्हा दोन बार. त्यातल्या दुसऱ्या बाराला पक्ष्याच्या मागच्या भागातून पिसं उडाली. तो डगमगला, सावरला आणि वाऱ्याबरोबर आग्नेयेला निघून गेला. ती तो ठिपका होईपर्यंत बघत राहिली. मग तिने बंदूक रिकामी केली आणि घरी गेली. सेल्मरला वाटलं, थंडी वाजली असेल.

सोमवारी टपाल वाटताना ती प्रत्येक चराशी गाडी हळू करत गेली. तो सापडला नाही. सापडला असता तर बरं वाटलं असतं का, हेही तिला सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यात तिने स्वतःशी जे कबूल केलं, ते पाच रविवारांच्या मोजणीपेक्षा अवघड होतं. बंदूक पंचेचाळीस वारांची होती, बोर्गहिल्ड नव्हती. कागद खांबाला बांधलेला असतो, हंस ताशी चाळीस मैलांनी आडवा जातो. त्याच्या किती पुढे धरायचं हे तिच्या हाताला जेमतेम तीस-पस्तीस वारांपर्यंत ठाऊक होतं. त्यापुढे तीही इतरांसारखी नशिबावरच मारत होती, फक्त चांगल्या चोकमधून.

पस्तीस वार, तिने ठरवलं. आणि पस्तीस वारांवर त्या कुंपणापाशी हंस येत नाहीत, तर कुंपणापाशी जायचंच नाही.

कुठे जायचं हे शोधावं लागलं नाही. मिसेस आसेन नावाच्या विधवेच्या मक्याच्या रानात, कापणीनंतर, बांधालगतच्या एका सखल तुकड्यावर रोज नऊच्या सुमारास हंस उतरताना ती कित्येक वर्षं गाडीतून बघत होती. पेटीत टपाल टाकायच्या ऐवजी त्या दिवशी तिने दार वाजवलं.

"शिकार? माझ्या रानात?" मिसेस आसेन म्हणाल्या. "त्या तळ्यावरच्या गोंधळासारखं?"

"नाही. मी एकटी. दोन-तीन बार, फार तर."

"गोंधळ झाला तर मी भांडं बडवत बाहेर येईन."

"चालेल."

पुढच्या शनिवारी ती मक्याच्या धसकटांत पालथी पडून राहिली, अंगावर वाळलेली धाटं. नऊ वाजून दहा मिनिटांनी सात हंस पाय सोडून खाली आले, इतके जवळ की त्यांच्या पायांची काळी कातडी दिसत होती. ती उठून बसली. एक बार, एक हंस, जागच्या जागी मेलेला. बाकीचे गेले, तिने जाऊ दिले. मिसेस आसेन खिडकीत होत्या. त्यांनी कॉफी पाठवली नाही, पण भांडंही बडवलं नाही.

सेल्मरला तिने काही सांगितलं नाही. पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, टपाल वाटताना, आसेनांच्या फाटकाजवळच्या नळकांड्यात तिला एक मोठा नर दिसला. पंख मोडलेला. वाकून आत हात घातला तर तो आणखी आत सरकला. तिच्या अंगावर अजून तीस मैलांचं टपाल होतं. तिने आसेनांच्या फोनवरून भावाला बोलावलं.

सेल्मर आला, गुडघे टेकून आत डोकावला.

"तळ्यावरून आलाय," ती म्हणाली. "सहा मैल होतात."

"कुणाचाही असेल."

"हो. कुणाचाही असेल."

"मी काल दोनच बार काढले."

सेल्मर पोटावर आडवा झाला, बाही खांद्यापर्यंत आत गेली. हंसाने त्याच्या मनगटाला चांगलाच चावा घेतला. शेवटी त्याने त्याला बाहेर ओढलं, मान पिरगळली आणि तो दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला. छातीजवळच्या पिसांखालचं मांस काळंनिळं झालं होतं. जखम एका दिवसाची नव्हती.

"तुला असे नेहमी सापडतात?"

"दर वर्षी."

"किती?"

"एकदा अकरा."

"मग बोलली का नाहीस?"

"माझेही असतील त्यात," ती म्हणाली आणि गाडीत बसली, कारण टपालाला उशीर होत होता.

रविवारी तो खाणीत आला. दहा बोअर खांद्यावर, काखेत तिच्याच भेंडोळ्यातला उरलेला कागद. तिने काहीही न विचारता पुठ्ठ्याचा हंस काढून दिला. सेल्मरने साठ वार मोजले, त्याचे नेहमीचे साठ नव्हेत, पावलांचे खरे साठ. तीन कागद, प्रत्येकावर पेन्सिलीने काढलेला हंस, तीन बार. मग दोघं चालत गेले. पहिल्या हंसाच्या शेपटीत एक छरा. दुसऱ्याच्या पंखात दोन. तिसऱ्याला एकही नाही, आजूबाजूला मात्र कागदाची चाळण.

"तिन्ही गेले," सेल्मर म्हणाला.

"हो."

"यातला एक मला पडल्यासारखा वाटला असता."

त्याने फेन्स्केकडून चोक मोकळा करून घेतला. पंचेचाळीसवर ती बंदूक उत्तम निघाली, तिच्या बंदुकीपेक्षाही दाट. सेल्मरने हे तिला चार वेळा ऐकवलं. कुंपणाची ओळ त्याने लगेच सोडली नाही. चाळीस वर्षांचे सोबती तिथे होते. पण नुसता उभा राहायला लागला, आणि नुसतं उभं राहून कंटाळला की आसेनांच्या रानात यायचा. मिसेस आसेननी त्याला आधी ओसरीवर बसवून दहा प्रश्न विचारले.

थँक्सगिव्हिंगला सेल्मरच्या बायकोने, लाव्हर्नने, बोर्गहिल्डने मारलेला हंस भाजला. सोबत लेफ्से म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, उकडलेला मुळा आणि तीन प्रकारची लोणची. सेल्मरने दुसराच घास घेतला आणि कटकन आवाज आला. त्याने तोंडातून एक पोलादी छरा काढला आणि मागोमाग दाढेचा तुकडा.

"शिसं असतं तर चावलं गेलं असतं," तो गाल धरून म्हणाला.

"गिळलंही असतंस," लाव्हर्न म्हणाली. "सावकाश खा. दाताचा दवाखाना सोमवारी उघडतो."

पुढल्या उन्हाळ्यात बोर्गहिल्डने दर बुधवारी मातीच्या थाळ्या उडवून त्यांवर नेम धरायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पंचवीसांतल्या नऊ फुटल्या, ऑगस्टात एकोणीस. तेव्हा तिने आपली मर्यादा पस्तीसवरून चाळीसवर नेली. त्यापुढे ती कधीच गेली नाही, जरी बंदूक आणखी पाच वार जाऊ शकत होती. टपालाच्या वाटेवर तिला पक्षी सापडणं थांबलं नाही. त्या वर्षी नऊ, त्यानंतर सात, मग पुन्हा दहा. मैलभराच्या ओळीत दोन माणसं कमी झाल्याने फार फरक पडत नाही, हे तिला माहीत होतं.

एकोणनव्वदला मिसेस आसेन मुलीकडे राहायला गेल्या आणि नव्या कुळाने त्या रानात मक्याऐवजी सोयाबीन घातलं. हंस उतरायचे बंद झाले. तो सगळा ऑक्टोबर बोर्गहिल्ड आणि सेल्मर पिकअपमधून खडीच्या रस्त्यांनी फिरत होते, तो चालवायचा आणि ती नेहमीच्या उजव्या बाजूला. नऊच्या सुमारास थांबायचे, काच खाली करायचे, आणि थवे कुठे पाय सोडतात ते बघायचे. तिसऱ्या आठवड्यात पूर्वेला, दोन मैलांवर, एका जर्मन शेतकऱ्याच्या रानात ते उतरताना दिसले.

"तू जा विचारायला," सेल्मर म्हणाला. "तुला सगळे ओळखतात."

ती उतरली, फाटक उघडलं आणि कुत्र्याला नावाने हाक मारत घराकडे चालू लागली.